क्रांतीचं नाटक तिरंग्यावर थांबवायचं की पुढे न्यायचं? (चिमूर १९४२, झाडीपट्टी आणि अडलेला तिसरा अंक)

झाडीपाखरू (धागाकर्ता)

धान घरी आलं की आमच्याकडे माणसाला नाटक सुचतं. दिवसा मंडई म्हणजे गावची जत्रा, रात्री नाटक, ही झाडीपट्टीची रीत. वडशाची नाटक कंपनी आणायची तर पैसे आगाऊ मोजावे लागतात, म्हणून आमचं मंडळ दर वर्षी स्वतःच तोंडाला रंग लावतं. चिमूर आमच्यापासून लांब नाही. या वर्षी विषय ठरवायला वेळ लागला नाही : १६ ऑगस्ट १९४२, ‘छोडो भारत’च्या वेळचा चिमूरचा उठाव.

संहिता गावातल्या एका निवृत्त गुरुजींची. पहिले दोन अंक सगळ्यांना एका बैठकीत पसंत पडले. पहिल्यात तुकडोजी महाराजांची खंजिरी, भारावलेलं गाव, नागपंचमीची सकाळ, प्रभातफेरी, मग गोळीबार. बालाजी रायपूरकर पडतो. दुसऱ्यात लोक खवळतात, डाक बंगला पेटतो, इंग्रजी अंमल गावातून उठतो, तिरंगा चढतो. इथे पडदा पाडला तर टाळ्या ठरलेल्या.

पण गुरुजींनी तिसराही अंक लिहून ठेवलाय. तो १९ ऑगस्टला सुरू होतो. फौज गावात शिरते. पुरुष पकडले गेलेत नाहीतर रानात पळालेत. घरात बाया, पोरं, म्हातारे. मग बायकांवरचे अत्याचार, गावावर बसलेला सामुदायिक दंड, खटले, फाशीच्या शिक्षा, आणि त्या शिक्षांचं पुढे काय होतं याची वर्षानुवर्षं वाट पाहणारी घरं. या अंकात एकही गाणं नाही. वन्स मोअरला जागा नाही. बक्षीस पुकारायलाही नाही.

मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, लोक मंडईत खाऊनपिऊन येतात, त्यांना रडवून घरी पाठवायचं का? दुसरा तट म्हणजे गुरुजी, मी आणि हार्मोनियमवाला.

माझं म्हणणं असं. जे प्रभातफेरीत उतरले त्यांनी आपल्या मनानं काहीतरी ठरवलं होतं. वसुली मात्र ज्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं त्यांच्या दारात झाली. नाटक दुसऱ्या अंकावर थांबवलं तर ही माणसं हिशोबातच येत नाहीत. दर १६ ऑगस्टला चिमूरला हार घातले जातात, भाषणं होतात, स्वतंत्र जिल्ह्याची मागणी पुन्हा निघते. १९ ऑगस्टला काय होतं? काही नाही.

तर प्रश्न : हरलेल्या उठावानंतरचे दिवस कलेत कसे दाखवतात? चित्रात, शिल्पात, दंडारीत (आमच्याकडचं लोकनाट्य), कशातही. कुणी काही पाहिलं असेल तर सांगा. ‘दाखवू नका’ म्हणणाऱ्यांनीही लिहा, फक्त कारण द्या.

वऱ्हाडी_ठेचा

रुमाल टाकून ठेवतो. सोयाबीन विकून आलो की निवांत लिहितो. तोवर एवढंच, भाऊ : हार्मोनियमवाला तुमच्या बाजूनं हाये म्हनता अन् अंकात गानं नाही? त्याले काय फायदा?

झाडीपाखरू

@वऱ्हाडी_ठेचा, त्याला रात्री दोन वाजता झोपायला मिळतं, हा फायदा.

नागपुरी_संत्रा

मी सरळ विरोधात आहे आणि कारण देतो.

एक, चिमूरचा उठाव हरला हेच मला पटत नाही. पाच वर्षांनी देश सुटला. दोन, गावातल्या पोरांना आधीच कुणी सांगत नाही की त्यांच्या आजोबांनी इंग्रजाला दम दिला होता. एक रात्र ती पोरं छाती फुगवून घरी गेली तर तुमचं काय बिघडतं? तीन, आणि हे जरा मनावर घ्या : आमच्या विदर्भात रडायला विषय कमी पडलेत का? प्रत्येक तालुक्यात कुणाच्या तरी घरी फास लागलेला आहे. तो माणूस रात्रभर थंडीत सतरंजीवर बसून पुन्हा फासाचीच गोष्ट का बघेल? कलेनं माणसाला उभंही करायचं असतं.

झाडीपाखरू

@नागपुरी_संत्रा, तिसरा मुद्दा वजनाचा आहे, त्यावर मंडळात बोलतो. पहिल्यावर मात्र अडतो. १९४७ आपल्याला ठाऊक आहे. १९ ऑगस्टला दाराला आतून कडी लावून बसलेल्या बाईला ठाऊक नव्हतं. नाटकात तिला ते कळून चालणार नाही. तिच्यापुरतं तेव्हा सगळं संपलेलंच होतं.

बोरकन्या

मी आर्वीकडची, शाळेत चित्रकला शिकवते. आष्टी आमच्या बाजूला. तिथंही त्याच १६ ऑगस्टला पोलीस ठाण्यावर गेलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. तिकडे गावाच्या नावातच ‘शहीद’ लागलंय : आष्टी शहीद, यावली शहीद, बेनोडा शहीद. एसटीच्या पाटीवर रोज वाचायचं आणि रोज विसरायचं.

दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. १८३० मध्ये पॅरिसमध्ये लोक उठले आणि राजा पळाला. त्यावरचं फ्रेंच चित्रकार देलाक्रवाचं चित्र बहुतेकांनी कुठं ना कुठं पाहिलेलं असतं : निशाण उंचावलेली बाई, मागून उसळलेली माणसं. १८४८ च्या जूनमध्ये त्याच शहरातल्या मजुरांचा उठाव चिरडला गेला. त्यावर मेसोनिएचं चित्र आहे, जेमतेम वहीच्या पानाएवढं. अरुंद गल्ली, उखडलेले दगड, आणि त्या दगडांतच मिसळून पडलेली प्रेतं. निशाण नाही, घोषणा नाही, उभं असं कुणीच नाही. मेसोनिए त्या लढाईत सरकारच्या बाजूनं नॅशनल गार्डमध्ये अधिकारी होता. म्हणजे जिंकणाऱ्यांपैकी. त्यानं जे पाहिलं ते नंतर सजवायच्या भानगडीत तो पडला नाही.

देलाक्रवाच्या चित्रातही खालच्या कडेला मेलेले आहेत बरं का. त्या बाईकडे बघण्याच्या नादात त्यांच्याकडे नजर जात नाही. तुमचा दुसरा अंक तसा आहे. त्यातही माणसं मरताहेत, पण टाळ्यांत ऐकू येणार नाही.

तिसऱ्या अंकासाठी मी चित्रकार केटे कोलविट्झकडे जाईन. जर्मनीतली, नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर, त्यामुळे दवाखान्यात येणाऱ्या बाया ती रोज बघायची. सायलेशियातल्या विणकरांनी १८४४ मध्ये उठाव केला होता. यंत्राच्या कापडापुढे हातमाग टिकेना, व्यापाऱ्यांनी मजुरी पाडली, लोकांनी मालकांची घरं फोडली, फौज आली, ११ माणसं गोळीनं मेली. तिनं १८९३ ते १८९७ या काळात त्यावर सहा चित्रांची मालिका केली. त्यात मोर्चा आहे, मालकाच्या फाटकावर तुटून पडलेली गर्दीही आहे. पण सुरुवात होते एका कोंदट खोलीत, आजारी लेकरासमोर डोकं धरून बसलेल्या आईपासून. आणि शेवट पुन्हा तशाच खोलीत : माणसं दारातून प्रेत आत आणताहेत, जमिनीवर आधीच आणलेली ठेवलीत, मागे माग उभा आहे.

गोळीबार तिनं काढलाच नाही. सहा चित्रांत एक सैनिक नाही. मी मुलांना ही मालिका दाखवते तेव्हा हटकून कुणीतरी विचारतं, ‘मॅडम, मधलं एक पान हरवलं का?’

(अवांतर : या मालिकेला सुवर्णपदक द्यावं अशी परीक्षकांची शिफारस होती. जर्मन सम्राटानं ती फेटाळली.)

तीन_धोटे

ताई, मी पवनीकडचा कोष्टी. आमच्या घरात माझ्या लहानपणापर्यंत माग होता. तुम्ही सांगितलेलं शेवटचं चित्र शोधून पाहिलं. परीक्षकाला तो माग मागचं सामान वाटत असेल. मला आधी तोच दिसला. ज्या घरात माग असतो तिथं तो बंद पडला की आधी कानाला कळतं. बाकी चित्रकलेतलं मला कळत नाही.

मुळामुठाकाठ

छान धागा. झाडीपट्टी म्हणजे नेमकं काय? गावाचं नाव आहे का?

वऱ्हाडी_ठेचा

@मुळामुठाकाठ, दादा, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीचा झाडीचा, धानाचा मुलूख. तिथं दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रातभर नाटकं चालतात, हजारोनं मानूस बसते. तुमच्याकडं नाट्यगृह रिकामं पडते म्हने. इकडं या एकदा, रग घेऊन या.

पडद्यामागचा

वाचत होतो, आता राहवेना. मी वडशाचा. या धंद्यात सारी उमर गेली, बहुतेक प्रॉम्प्टर म्हणून. नट वेगळे, गाव वेगळं, पाठांतर कच्चं, तेव्हा विंगेतून वाक्यं पुरवणारा मीच.

झाडीपाखरू भाऊ, तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती मंडळात जशीच्या तशी सांगा. बाईवरच्या जबरदस्तीचा सीन मी रंगमंचावर कितीदा पाहिला याची गणती नाही. खलनायक हसते, म्युझिकवाला धाडधाड वाजवते, बाई ओरडते, लाल लाईट. आणि अंधारातून शिटी येते. दर गावात येत नाही, पण येते. शिटी मारणारा वाईट असते असंही नाही. आपण त्याला सीनच तसा वाढून दिलेला असते. बाई सोसते आहे हे त्याला दिसत नाही, त्याला सीन दिसते.

चिमूरच्या बायकांचं नाव घेऊन तसा सीन केला आणि त्यावर एक शिटी आली तर त्यापेक्षा नाटक दुसऱ्या अंकावर संपलेलं बरं. माझा तिसऱ्या अंकाला विरोध नाही. विरोध आहे तो ‘दाखवण्याला’.

रोवणी

काका, तुमच्या प्रतिसादाला दहादा सहमत. मी ब्रह्मपुरीची. नाटकाच्या रात्री बायकांच्या बाजूला बसून ती शिटी ऐकलेली आहे. त्यानंतर आपण बाया एकमेकींकडे बघत नाही.

न दाखवता कसं करायचं, याला बंगाली चित्रकार सोमनाथ होर यांचं उदाहरण आहे. १९४६ मध्ये ते बंगालात रंगपूरकडे तेभागा आंदोलन बघायला गेले. पिकाचे तीन भाग, त्यातले दोन कसणाऱ्याला, ही मागणी. (आपल्याकडच्या बटईवाल्यांना ही मागणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.) तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांची साधी रेखाटनं केली : बसलेली, बोलणारी, मीटिंगला जमलेली माणसं. पुढं सत्तरच्या दशकात, बंगाल पुन्हा रक्तानं भिजलेला असताना, त्यांनी ‘जखमा’ नावाची मालिका केली. त्यात माणूसच नाही. कागदाचा पांढरा लगदा, आणि त्यावर चिरलेल्या, भोसकलेल्या, फुगून आलेल्या पांढऱ्याच खुणा. मोठा थोरला कोरा कागद आहे असं वाटतं. जवळ गेलं की कातडी आहे हे लक्षात येतं. त्यावर कुणी शिटी मारून दाखवावी.

नागपुरी_संत्रा

रोवणीताई, मुंबई-कोलकात्याच्या गॅलरीत पांढरा कागद चालतो. मंडईच्या मांडवात रात्री दोन वाजता पांढरा कागद दाखवलात तर लोक सतरंजी झटकून निघतील.

रोवणी

भाऊ, कागद दाखवा असं कुठं म्हटलं? जिच्यावर गुदरलं तिला स्टेजवर लोळवू नका, एवढंच म्हटलं.

धानपेरा

सगळे एकाच बाजूनं बोलताहेत म्हणून विचारतो. डाक बंगल्यात जे मारले गेले त्यांचं काय? उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे. इंग्रज नव्हते ते. सोनवणे तर आपल्याच भाषेतला माणूस. पोलीस गेले तेही इथलेच. ‘उठावाची मानवी किंमत’ म्हणता तर त्या घरांची किंमत धरायची की नाही? दुसऱ्या अंकात ती माणसं जळताना लोक टाळ्या वाजवणार, हे तुमच्या गुरुजींना चालतं का?

नागपुरी_संत्रा

हे आता अतीच झालं. गोळ्या घालणाऱ्या सरकारचे हस्तक आणि चिमूरची जनता एका तागडीत? उद्या जनरल डायरच्या घरच्यांवरही नाटक काढा.

धानपेरा

तागडी मी काढली नाही. नायब तहसीलदाराला जनरल डायर तुम्ही केलंत.

कडूनिंब

@धानपेरा, मुद्दा बरोबर आहे आणि गैरसोयीचा आहे. पण क्रम विसरू नका. सकाळी गोळी आधी चालली, आग नंतर लागली. नाटकात हा क्रम नीट ठेवला तर जमाव खुनशी वाटणार नाही आणि मेलेले अधिकारीही कचरा वाटणार नाहीत. आणि बालाजी रायपूरकर पडल्यावर ज्या माणसांनी बंगला पेटवला, त्यांना त्या रात्री झोप लागली असेल का, हा प्रश्न गुरुजींना विचारा. मला तरी तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश तिथं दिसतो, फौजेच्या आधी.

(इथल्या एका प्रतिसादात अत्याचार झालेल्या एका स्त्रीचं नाव व तिच्या कुटुंबाचा उल्लेख होता. तो मजकूर काढला आहे. त्यांचे वंशज आजही त्या भागात राहतात. कृपया नावं टाळावीत. – व्यवस्थापक)

इंद्रावतीकाठ

गडचिरोलीहून. आमच्याकडे हा प्रश्न चिमूरच्याही आधीचा आहे. बाबुराव शेडमाके, मोलमपल्लीचे जमीनदार, १८५८ मध्ये गोंड तरुणांची फौज घेऊन इंग्रजांशी लढले. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याला (आताचं चंद्रपूर) फाशी झाली. आज पुतळे आहेत, जयंती आहे, गाणी आहेत. पुतळ्यात ते ताठ उभे. छान आहे. आम्हाला ते हवेच आहेत, फार उशिरा मिळाले.

पण मला जिच्यावर नाटक बघायचंय ती अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई. इंग्रजांनी दाब दिला आणि तिनं बाबुरावांना पकडून देण्यात हात दिला. स्टेजवर ती आली की लोक शिव्या घालतात. इंग्रज अधिकारी मात्र हिंदी-मराठी मिसळून बोलणारं विनोदी पात्र, त्याला हशा मिळतो. म्हणजे राग सगळा आपल्याच बाईवर आणि साहेब सुटला! ज्या सत्तेनं एका गोंडाला दुसऱ्या गोंडाविरुद्ध उभं केलं तिची करामत कुणी रंगवतच नाही. हरलेल्या उठावात घर घराविरुद्ध उभं राहतं, त्याची भरपाई कुठल्याच दंडाच्या रकमेत मोजली जात नाही.

आजच्या काळावर बोलत नाही. जंगलात एकीकडे नक्षल्यांची लाल स्मारकं बांधली गेली, पाडली गेली, दुसरीकडे शहीद पोलिसांची स्मारकं आहेत. दोन्हींच्या मधे, खबऱ्या म्हणून मारला गेलेला माणूस कुठल्याच दगडावर नाही. त्याचं नाटक करायला अजून वेळ आहे.

वऱ्हाडी_ठेचा

सोयाबीन विकून आलो. भावाचं इचारू नका.

इंद्रावतीकाठ भाऊंचा प्रतिसाद वाचून दोन मिनिटं फोन खाली ठेवला. विनोदी साहेबाचं अगदी बरोबर बोलले. आमच्याकडच्या खडी गंमतीतही (तमाशासारखा खेळ) साहेब आला की टोप तिरपा अन् ‘टुम काला आडमी’. लोक हसून हसून लोळतात. ज्यानं गावाले मीठ लावून खाल्लं तो जोकर होऊन बसते.

सैनिकांबद्दल एक सुचवतो. स्पेनच्या गोयाचं चित्र आहे, ३ मे १८०८ चं. आदल्या दिवशी माद्रिदच्या लोकांनी फ्रेंच फौजेविरुद्ध उठाव केला, तो मोडला, अन् मग रात्री पकडलेल्यांले रांगेनं गोळ्या. गोयानं ते सहा वर्षांनी, १८१४ मध्ये रंगवलं. जमिनीवर कंदील, पांढऱ्या सदऱ्यातला मानूस गुडघ्यावर, हात पसरून, मागं आपली पाळी यायची वाट पाहनारे तोंड झाकून. अन् शिपायांचं एकाचंही तोंड दिसत नाही. सारे पाठमोरे. तसंच करा. फौज पाठमोरी ठेवा. साहेब जोकर व्हायचा नाही, अन् खलनायकाले हसायलेही जागा राहायची नाही.

झाडीपाखरू

@वऱ्हाडी_ठेचा, हे फार कामाचं आहे. शिवाय दुसऱ्या अंकातल्या जमावाचीच पोरं खाकी घालून पाठमोरी उभी करता येतील. आमच्याकडे पोरं मोजकी आहेत.

सेवाग्रामचा_वाटसरू

या सगळ्यात प्रा. भन्साळींचं नाव अजून कसं आलं नाही?

चिमूरच्या बायकांच्या बातम्या हळूहळू बाहेर आल्या. नागपूरहून काही स्त्रिया चौकशीला गेल्या, त्यांच्यापाशी तिथल्या बायका बोलल्या. सरकार चौकशीला तयार नव्हतं. सेवाग्राम आश्रमातले भन्साळी दिल्लीला लोकनायक अण्यांच्या घरी गेले. अणे आपल्या यवतमाळ भागातले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. चौकशी करवा, एवढंच मागणं. ती होईना म्हणून भन्साळींनी नोव्हेंबरात उपास धरला. ६३ दिवस. १२ जानेवारी १९४३ ला सुटला. मधे त्या उपासाच्या बातम्या छापायला सरकारनं बंदी घातली, तेव्हा निषेध म्हणून वर्तमानपत्रांनी ६ जानेवारीला हरताळ पाळला.

मला यात नाट्य दिसतं ते असं. ज्या बायकांवर ओढवलं त्या रंगमंचावर यायलाच नकोत. तिसरा अंक सुरू होताना एका कोपऱ्यात एक माणूस येऊन बसू द्या. खाणं नाही. बाकी गावाचं काय चालायचं ते चालू द्या : अटका, दंड, भांडणं. तो तिथंच. प्रेक्षकांना सारखा प्रश्न पडू द्या की हा का बसलाय. सांगू नका. अंकाच्या शेवटी नागपूरची बाई येते, एका दाराशी जाऊन विचारते, आणि आत नेली जाते. तेवढंच.

वऱ्हाडी_ठेचा

काका, झाडीपट्टीत तासभर न हालता बसनारा नट आनायचा कुठून? त्याले मच्छर चावले की संपलं.

पडद्यामागचा

बसते. दंडारीत देवाचं सोंग घेतलेला माणूस किती वेळ हालत नाही ते पाहिलं नाही वाटते तुम्ही. वाटसरू भाऊ, तुमची युक्ती मला एकदम पटली. फक्त दिवा त्याच्यावर टाकायचा नाही. उजेड बाकीच्यांवर. नाहीतर लोक त्याला मूर्ती समजून नमस्कार करतील आणि पैसे टाकतील. खरंच टाकतील.

बोरकन्या

वाटसरूदादा, सुंदर. याला जोडून कोलविट्झचं आणखी एक पान सांगते, कारण झाडीपाखरू यांनी ‘वाट पाहणारी घरं’ म्हटलंय. जर्मन शेतकऱ्यांच्या १५२४-२५ च्या उठावावर तिची दुसरी मालिका आहे. तोही उठाव चिरडला गेला. त्यातलं १९०७ चं पान : रात्र, शेत आहे की प्रेतांचा ढीग ते कळू नये इतका काळोख. एक म्हातारी कंदील घेऊन वाकलीय. आपला पोरगा शोधतेय. उजेड फक्त दोन ठिकाणी पडलाय : तिच्या हातावर, आणि एका मेलेल्या पोराच्या तोंडावर. तो हात बघा. नांगर धरून, भांडी घासून गाठी आलेला. त्या हातानं तिनं पोराची हनुवटी किंचित वर उचललीय, ओळख पटवायला. तो तिचाच आहे का, हे चित्र सांगत नाही.

चिमूरला फाशीच्या शिक्षा झालेल्यांच्या घरी असंच अर्धवट काहीतरी असणार. नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळ्यांनी त्या शिक्षा रद्द करवण्यासाठी केवढी धडपड केली. १९४५ मध्ये त्या फाशा टळल्या. पण तोवरच्या प्रत्येक सकाळी त्या घरी चूल पेटवायची होतीच ना? फाशी टळली म्हणून ती वर्षं परत कोण देणार?

नागपुरी_संत्रा

ठीक आहे. पाठमोरी फौज आणि बसलेला माणूस, एवढ्यावर मी विरोध मागे घेतो. माझं भांडण रडारडीशी होतं. तुम्ही जे सांगताय त्यात रडारड नाही. डाक बंगल्याच्या बाबतीत मात्र धानपेरांशी माझं अजूनही जमत नाही, आणि दुसऱ्या अंकात टाळ्या पडल्या तर पडू द्या, त्या थांबवायला जाऊ नका.

झाडीपाखरू

काल रात्री मंडळाची बैठक झाली. हा धागा मोबाइलवरून गुरुजींना वाचून दाखवला. गुरुजी बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘जबरदस्तीचा प्रवेश काढला. दंडाचा प्रवेश लांबवतो.’ ठरलं ते असं : तिसरा अंक राहणार. फौज पाठमोरी. कोपऱ्यात माणूस बसणार. कडूनिंब म्हणतात तसा, आग विझल्यानंतरच्या रात्रीचा एक लहान प्रवेश फौजेच्या आधी. एक गाणं मात्र घालावं लागलं, पहिल्या अंकात, नाहीतर वर्गणी देणाऱ्यांनी हात आखडता घेतला असता.

गुरुजींनी दंडाचा प्रवेश नव्यानं लिहिलाय. टेबल, वही, कारकून. गावातली घरं एकेक करून बोलावली जातात. त्यांच्या परवानगीनं तुकडा देतो :

कारकून : नाव?
बाई : त्यायचं सांगू का माझं?
कारकून : घरमालकाचं.
बाई : ते तं चांद्याच्या जेलात आहेत.
कारकून : मग दंड कोण भरणार?
बाई : तेच पुसाले आली होती मी.
कारकून : पुढचं घर.
बाई : आमचं झालं का?
कारकून : झालं नाही. लिहिलं.

रोवणी

‘झालं नाही. लिहिलं.’ गुरुजींना माझा नमस्कार सांगा.

धानपेरा

हा कारकूनही इथलाच माणूस आहे, हे लक्षात आलं ना कुणाच्या? त्याला खलनायक करू नका, एवढी विनंती. त्याला घरी जायची घाई आहे, असं दाखवा.

झाडीपाखरू

@धानपेरा, तीच अडचण झालीय. बालाजीच्या कामासाठी गावात पोरांची रांग लागली. कोपऱ्यात बसायला एक भजनी मंडळातला मामा तयार झालाय, तो तसाही कमी बोलतो. कारकुनाला मात्र कुणी हात लावत नाही. एक जण म्हणाला, ‘माझ्या पोरीचं लग्न जमवायचं आहे, मी दंड वसूल करताना दिसलो तर कसं?’

पडद्यामागचा

मी येतो करायला. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजली, आता चार आपली म्हणतो. माणसाला नाव विचारून वहीत लिहायचं, यात पाठांतर तरी काय लागते? चश्मा माझा, वही तुमची. टेबल जरा डगमगतं असलं तर बरं, पायाखाली कागदाची घडी घालता येते. प्रॉम्प्टर मात्र तुमचा तुम्ही पाहा.

झाडीपाखरू

काका! तालमी सोमवारपासून, रात्री जेवण झाल्यावर. वडशाहून गाडीनं नागभीडला उतरा, तिथून मोटरसायकल पाठवतो. मुक्काम आमच्याकडे. डगमगतं टेबल ग्रामपंचायतीत आहे, शोधावं लागणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मी बी येतो पाहाले. कापूस वेचून झाला तं. रग घेऊन.